खेळांतील इतिहास आणि त्याचे रंग

मनुष्य खेळतो तेव्हां तो खोटें बोलत नाहीं, असें आपण सामान्यतः धरून चालतों. बुद्धिबळाच्या पटावरील उंट तिरपाच कां चालतो, याची खातरजमा करण्यासाठीं कोणी वाळवंटांत जात नाहीं. आणि मेलेली सोंगटी पुन्हां पटावर बसते, म्हणून कोणी तक्रारही करीत नाहीं. खेळाचें सत्य त्याच्या नियमांत असतें आणि जो नियम पाळतो तो खरा खेळाडू. परंतु खेळ जेव्हां इतिहासांतील नांवें धारण करतो, प्रत्यक्ष होऊन गेलेल्या राजांना व जातींना पटावर आणून बसवितो, तेव्हांही ही सबब पुरेशी होते काय? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

संगणकावर खेळावयाच्या युद्धनीतीच्या खेळांपैकीं ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ सालीं बाहेर पडला, आणि आज पंचवीस वर्षें उलटून गेल्यावरही तो खेळला जातो. कल्याणच्या पुढें लोहमार्गाच्या कडेनें वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गांवांतील सुशिक्षित घरांनाही असे खेळ आतां परके राहिलेले नाहींत. मूळ खेळांत तेरा लोकसमूह होते. त्यांपैकीं सारासेन, तुर्क आणि पर्शियन हे मध्ययुगीन इस्लामी जगाचे प्रतिनिधि. प्रत्येकाचीं घरें, शस्त्रें, विद्या निराळ्या. आणि प्रत्येक खेळाडूच्या साऱ्या सेनेला एकच रंग.

या चित्रांत चुका काढणें अवघड नाहीं. त्यांतील ‘मामलुक’ शिपाई सांडणीवर बसून तलवारी फेंकतो. इजिप्तचे खरे मामलुक घोडेस्वार होते आणि धनुष्य, भाला व तलवार यांत कसलेले होते. तलवार फेंकून देणारा शिपाई दुसऱ्या क्षणीं काय करील, हें कोणत्याही पोराला कळावें! ‘सारासेन’ हें नांव तर ग्रीक-लॅटिन लेखकांनीं बाहेरून दिलेलें; कोणताही अरब स्वतःला तसें म्हणवीत नसे. ज्या सलादीनाची कथा या सारासेनांच्या नांवें खेळावयास मिळते, तो स्वतः कुर्द होता, व ११८७ सालीं जेरुसलेम घेणाऱ्या त्याच्या सैन्यांत तुर्क आणि कुर्द स्वारांचा मोठा भरणा होता. हिंदुस्थानाला तर या खेळांत २०१३ पर्यंत जागाच नव्हती. त्या वर्षीं एकच ‘इंडियन’ समूह आला, आणि २०२२ सालीं त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्राविड व बंगाली असे चार भाग झाले.

परंतु अशा चुकांची यादी करून आपलें कर्तव्य संपलें असें मानणारा टीकाकार वरवरच पाहतो. खेळांतील खोटेपणा दोन प्रकारचा असतो. एक वस्तूचा, दुसरा रचनेचा. सांडणी व घोडा यांची अदलाबदल हा पहिला प्रकार. तो पुस्तकाच्या एका पानानें दुरुस्त होतो, आणि झाला नाहीं तरी त्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. रचनेचा खोटेपणा मात्र कोठेंच लिहिलेला नसतो. तो नियमांत दडलेला असतो, आणि खेळणारा तो वाचीत नाहीं, तर आचरतो. शंभर वेळां आचरलेली गोष्ट मनांत मताच्या रूपानें राहत नाहीं. ती संवयीच्या रूपानें राहते.

या खेळांतील एक नियम पाहा. प्रत्येक समूहाजवळ मठ असतो व मठांत धर्मगुरु असतात. हा धर्मगुरु शत्रूच्या शिपायासमोर उभा राहून मंत्र म्हणूं लागला, कीं थोड्या वेळानें त्या शिपायाचा रंग बदलतो. धर्म बदलला, म्हणजे पक्ष बदलला. आणि पक्ष बदलला, म्हणजे कालच्या सोबत्यांवर शस्त्र उगारणें आलेंच. खेळ म्हणून ही युक्ति मोठी गमतीची आहे. निरनिराळ्या धर्मांचे समूह या खेळांत एकमेकांशीं स्नेह करूं शकतात, हेंही न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. परंतु एकाच रंगाच्या आंत दोन श्रद्धा नांदत आहेत, हें दृश्य तेथें केव्हांही दिसत नाहीं. श्रद्धा आणि निष्ठा या एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत, असा सिद्धान्त न उच्चारतां शिकविला जातो.

आतां हा सिद्धान्त आपल्याच भूमीवर घांसून पाहूं. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मधलें, म्हणजे इ. स. १०६० चें, असें तेथील शिलालेखावरून ठरतें. तें शिलाहार राजा मामवाणी याच्या काळचें. याच शिलाहार घराण्यांतील झंझ राजाच्या वेळीं, इ. स. ९१६ मध्यें, अल्‌-मसूदी हा अरब प्रवासी चौलास आला होता. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असून त्यांचे तंटे तोडण्यासाठीं त्यांच्यांतीलच एक प्रमुख राजा नेमीत असे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. या दहा हजारांना खेळांतील कोणता रंग द्यावयाचा?

याहून बोलका पुरावा डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडला. तो राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट होय. त्यांत संजान प्रांताच्या अधिकाऱ्याचें नांव ‘मधुमति’ असें आहे. हा ताजिक, म्हणजे अरब, असून ‘मधुमति’ हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानें त्याला नेमिलें होतें. या महंमदानें नदी उतरणाऱ्यांसाठीं विनामूल्य नावा ठेविल्या, अन्नछत्र घातलें, आणि एका ब्राह्मणानें बांधिलेल्या देवीच्या मठिकेला राजाच्या संमतीनें जमीन लावून दिली. खेळांत अशा पुरुषाला पाऊल ठेवावयास जागा नाहीं. पटावर तो एक तर शत्रु असेल, नाहीं तर रंग बदललेला फितूर असेल. इतिहासांत मात्र तो आपला धर्म न सोडतां राष्ट्रकूटांचा विश्वासू अधिकारी होता.

पुढच्या काळाकडे वळलें तरी तेंच दिसतें. बहमनी राज्याला ज्या कलहानें पोखरलें तो दखनी व आफाकी, म्हणजे येथले व बाहेरून आलेले, यांच्यांतला होता. आणि दोन्ही पक्ष मुसलमानच होते. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत हबशी मलिक अंबर निजामशाही राखण्यासाठीं लढला तो मोगल आणि आदिलशाही या दोन मुसलमान सत्तांशीं. शहाजीराजे त्याच्या बाजूस होते, त्यांचे बंधु शरीफजी त्या रणांत पडले, आणि शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या सुमारास मोगलांच्या पदरीं होते. सासरा एकीकडे, जांवई दुसरीकडे! एकेका समूहाला एकेक रंग देणाऱ्या नकाशावर हें घराणें कोठें ठेवावयाचें?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका मानूं नये. उल्हासनगरांतील एखादा वृद्ध म्हणेल, “तुम्ही ताम्रपट दाखवितां, आम्ही १९४७ सालीं सिंध सोडून कल्याणच्या लष्करी छावणींत आलों, तेव्हां आमचा रंग आमच्या धर्मावरूनच ठरला होता. खेळ खोटा कसा?” ज्यांनीं घरदार गमावलें त्यांच्यापुढें मधुमतीचें उदाहरण फेंकून गप्प बसविणें हें क्रौर्य होईल. त्यांचा अनुभव खरा आहे. मध्ययुगांतही धर्माच्या नांवानें मंदिरें पडलीं, माणसें मारलीं गेलीं, हेंही तितकेंच खरें. तें झांकणारा इतिहास हा दुसऱ्या बाजूनें केलेला खेळच होय.

परंतु त्याच सिंधचा इतिहास काय सांगतो? ७१२ सालीं अरबांची स्वारी दाहिर राजावर आली, तेव्हां खलीफाच्या राज्यांतून पळून आलेला अल्लाफी नांवाचा अरब आपल्या लोकांसह दाहिराच्या आश्रयास होता, असें चचनामा सांगतो. सिंधमधील उडेरोलाल येथें हिंदूंचे झूलेलाल व मुसलमानांचे जिंदा पीर यांचें स्थान एकाच आवारांत आहे. तेव्हां १९४७ चा रंग सृष्टीच्या आरंभापासून कोणाच्या कपाळीं लिहिलेला नव्हता. विशिष्ट काळीं विशिष्ट माणसांनीं घेतलेल्या निर्णयांनीं तो लावला गेला. ज्याला दुःख झालें त्यानेंच हा भेद सर्वांत आधीं ओळखला पाहिजे. कारण जें माणसांनीं केलें त्याचा जाब माणसांस विचारतां येतो. जें खेळाच्या नियमासारखें अटळ मानलें, त्याचा जाब कोणास विचारणार?

ही चर्चा केवळ गतकाळापुरती नाहीं. अंबरनाथ-बदलापूरच्या आसमंतांत मलंगगड उभा आहे. तेथील समाधि हिंदु भाविक मच्छिंद्रनाथांची मानतात, मुसलमान भाविक तिला हाजी मलंगबाबांचा दर्गा म्हणतात. वहिवाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे चालत आली आहे. या स्थानाचा वाद जुना आहे, तो न्यायालयांतही गेला, आणि त्याचा निकाल देण्याचा अधिकार या निबंधाचा नाहीं. पण त्या वादाकडे पाहणारा तरुण कोणती संवय घेऊन पाहतो, याला महत्त्व आहे. डोंगर कोणत्या रंगाचा, एवढा एकच प्रश्न ज्याला सुचतो, त्याला त्या घराण्याची वहिवाट दिसूनही दिसणार नाहीं.

मग खेळ रचणाऱ्याचें ऋण किती? त्यानें प्रत्येक तलवार मोजून घडवावी असा आग्रह धरणें अरसिकपणाचें होईल. सोपें केल्यावांचून खेळ होत नाहीं, आणि सोपें करणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. आपण काय सोपें केलें हें त्यानें मात्र उघड सांगावें, आणि सोईसाठीं केलेला नियम हाच इतिहासाचा नियम आहे असा भास होऊं देऊं नये. एकाच दरबारांत अनेक श्रद्धांचे सरदार असावेत, पगार थकला म्हणजे स्वधर्मीय सैन्यही बिथरावें, दखनी-आफाकींचा तंटा राज्याच्या आंतूनच उठावा, अशी रचना अशक्य नाहीं. तिनें खेळ अधिक कठीण होईल, आणि म्हणूनच अधिक रंगेल.

वडीलधाऱ्यांचें ऋण याहून निराळें आहे. खेळ हिसकावून घेतल्यानें मूल इतिहास शिकत नाहीं. पुष्कळदां मध्ययुगाची पहिली गोडी त्याला याच खेळानें लागलेली असते, आणि ही त्याची सेवा नाकारतां येणार नाहीं. मुलाशेजारीं बसून पटावरच्या एखाद्या शिपायाकडे बोट दाखवावें आणि दोन प्रश्न विचारावे: हा देव कोणता भजतो? आणि याला पगार कोण देतो? दोन्ही उत्तरें नेहमी एकच येत नाहींत, एवढें त्या मुलाच्या ध्यानांत आलें, कीं त्याला मुलाण्याचीं वा शिलाहारांचीं पुस्तकें उघडावीशीं वाटतील, आणि पटावरचा रंग हा पटापुरताच आहे हें त्याचें त्यालाच कळेल.