शुल्क आणि जागा

मुलुंडहून लोकल धरली की नाहूर, भांडुप आणि मग कांजूरमार्ग. तेथून पवईची आयआयटी फार लांब नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत आपले मूल शिकावे, ही आस आमच्या धर्मग्रामातील अनेक घरांत आहे. त्याच घरांतून एक प्रश्नही आम्हांस विचारला जातो : "फादर, एकाच वर्गात एकाने वर्षाला दोन लाख भरायचे आणि शेजारच्याने काहीच नाही, हा न्याय म्हणायचा का?"

हा प्रश्न केवळ मत्सरातून येतो, असे आम्ही मानत नाही. २०१६ साली आयआयटीचे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ झाले. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाहून कमी, त्यांनाही. १ ते ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी. त्या रेषेच्या जरा वर असलेली परिचारिका किंवा कारकून मात्र पूर्ण रक्कम भरतात. वसतिगृह आणि खानावळ वेगळी. त्यांची ओढाताण खरी आहे. तथापि दोन लाखांतही एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च भागत नाही. उरलेला भार सरकारी अनुदानावर, म्हणजे सर्वांच्या करांवर पडतो. साबणाची वडी विकत घेणारा बिगारीही त्यात वाटेकरी असतो. तेव्हा पूर्ण शुल्क भरणाराही घेणाराच आहे. दाते आणि याचक अशी विभागणी त्या वर्गात करताच येत नाही.

शिवाय माफी मिळाली म्हणजे दार उघडले, असेही नव्हे. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याला पवईत स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती निश्चित करण्यापुरते पैसे त्याच्यापाशी नव्हते. बहिणीने ते पाठविले, तर संगणकावरून भरणा होईना. मुदत टळली. उसने पैसे घेऊन तो खरगपूरला दाद मागावयास गेला. तेथे नकार, मुंबई उच्च न्यायालयातही निराशा. अखेर २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला, तोही कोणाची मिळालेली जागा न काढता. पुन्हा २०२४ साली एका मजुराच्या मुलाची धनबादची जागा १७,५०० रुपयांसाठी हुकली आणि पुन्हा त्याच न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. लाखांची माफी असलेली मुले काही हजारांवर अडली!

नियम सर्वांना एकच होता, हे खरे. परंतु सायंकाळी पाचची मुदत, ज्याच्या खात्यात रक्कम पडून आहे त्याला आणि जो उसनवारीसाठी दारोदार हिंडतो त्याला, सारखी नसते.

आणि असा मुलगा वर्गात आला, तर लाभ एकट्या त्याचाच का? मुंबईचे पाणी आपल्या शेजारी भांडुप संकुलात शुद्ध होते. लगतच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत मात्र ते पुरेशा दाबाने चढत नाही. पहाटे हंडा घेऊन रांगेत उभा राहिलेला अभियंता नळाची रेघ कागदावर ओढताना त्या उतारास विसरणार नाही, असे आम्हांस वाटते. निदान त्याच्या शेजारी बसलेल्यास तो विसरू देणार नाही.

सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी औषधांना आणि शालेय शुल्काला हातभार लावीत असते. प्रवेशाच्या जून-जुलैत आठ दिवसांच्या उसनवारीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, आणि ती देताना जात-धर्म विचारू नये, असे आम्ही पुढच्या बैठकीत सुचविणार आहोत.