फुलावरचा दावा

देवाला वाहिलेले फूल ही भक्ती की हिंसा, हा वाद जयपुरात पंडितांच्या सभेपुरता न राहता पूजेच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचलेला असल्यामुळे, तेथे गणपतीसाठी अंगणात जास्वंद लावणाऱ्या मराठी गृहस्थाला तो टाळता येत नाही. एरवी या नगरीत आपली पूजापद्धती काही उपरी नव्हे. १७२७ साली जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंगाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. व्रतांवरचा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा त्यांचा निबंधग्रंथ १७१३ मधला, आणि त्यांची हवेली ब्रह्मपुरीत आजही उभी आहे. आमेरच्या किल्ल्यात राजा मानसिंगाने बंगालमधून आणलेली शिलादेवी आहे, आणि शक्तीच्या उपासकांना तांबडी जास्वंद किती प्रिय हे सांगावयास नको. परंतु त्याच मुलखात, सांगानेर-जयपूरच्या बाजूस, सतराव्या-अठराव्या शतकांत बळावलेल्या दिगंबर जैनांच्या तेरापंथाने सचित्त, म्हणजे सजीव, फूल पूजेतून बेदखल केले आणि त्याच्या जागी केशरात रंगविलेले तांदूळ ‘पुष्प’ म्हणून कबूल केले. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचे दिगंबर जैन मात्र वीसपंथी वहिवाटीने फुले वाहतातच.

तेरापंथीयांची हरकत नुसत्या फुलाच्या जिवाची नाही, फुलाच्या आश्रयाने राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचीही आहे. आणि ती पोकळ नाही, हे नुकतीच उमललेली जास्वंद हातात घेणाऱ्याला दिसते. पाच पाकळ्यांच्या मधून लांब बाहेर आलेल्या, पिवळ्या परागांनी माखलेल्या दांड्याच्या बुडाशी, जेथे तांबडा रंग काळसर गर्द होतो, तेथे बारीक मुंग्या असतात, आणि देठ खुडताच त्या बोटांवरून सैरावैरा धावतात. यावर भक्ताची वकिली अशी, की हे फूल बहुधा एकाच दिवसाचे. बागेतल्या बहुतेक जातींना बी सहसा धरत नाही, झुडूप वाढवायचे ते फांदी लावून. तेव्हा खुडल्याने झाडाचे गेले काय? हिशेब बरोबर आहे, पण तो झाडाच्या खात्याचा आहे. मुंग्यांचे नाव त्यात कोठेच नाही.

मला विचाराल तर दोन्ही पक्षांनी फिर्याद फार उशिरा दाखल केली आहे. जयपुरात मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि लू कळ्या उमलण्यापूर्वीच गाळते, पौष-माघात पाने झडतात, क्षारयुक्त पाण्याने शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. अशा ठिकाणी ही दमट हवेची रहिवासी जगवायची म्हणजे सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी भिंत पाहून तिला शेणखत घालावे, थंडी ओसरताच, फूल नव्या फुटीवरच येते म्हणून, तिच्या फांद्या निर्दयपणे छाटाव्या, आणि देठांच्या बेचक्यांत कापसासारखी बसलेली पिठ्या ढेकणाची पुटे बोटांनी चिरडावी किंवा निंबोळीच्या अर्काने मारावी, हे सारे ओघानेच येते. पूजेचे फूल उमलण्याच्या आधीच असे किती जीव गेलेले असतात. आणि ज्या मुंग्यांसाठी आपण कळवळतो, त्याच पुष्कळदा गोड स्रावाच्या लोभाने या ढेकणांची राखण करीत असतात! केशरी तांदळाच्या शेतातही याहून वेगळे काही घडत नाही. फक्त ते शेत पूजकाच्या अंगणात नसते.

कोणालाही न दुखविता मिळणारे फूल म्हणजे आपोआप गळलेले. पण आपल्या आचाराने तेच पूजेस वर्ज्य ठरविले आणि ठळक सवलत दिली ती पारिजातकाला. पारिजातक ताजा गळतो आणि जास्वंद मिटून, चिकट होऊन गळते, हे कारण उघडच आहे. पण मग देवाला टवटवीतपणाची चाड अधिक आणि वाहणाऱ्या हाताच्या निर्दोषतेची कमी, असे ठरते, आणि एवढी गोष्ट देवाच्या माथी मारण्यास पौंडरीकांसारखा निबंधकार तरी धजला असता की काय, याची मला शंका आहे.