हुंकारावाचून गोष्ट

गोष्टीच्या मिषाने विद्या शिकविता येते, हा विचार आपल्या देशात फार जुना आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र शास्त्रांना विन्मुख झाले, तेव्हा विष्णुशर्म्याने त्यांना सूत्रे घोकावयास बसविले नाही. त्याने त्यांना सिंह-बैलांच्या आणि कावळे-घुबडांच्या गोष्टी सांगितल्या व सहा महिन्यांत शहाणे करून सोडले, असे पंचतंत्राचा आरंभ सांगतो. पुढे १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी इंग्रजीतून मराठीत आणल्या. आज त्याच वाटेवरून वाहतूक उलट दिशेने चालली आहे. परक्या भाषेतील गोष्ट आपल्या भाषेत आणण्याऐवजी मुलालाच त्या गोष्टीपाशी नेऊन बसवावे आणि गोष्टीबरोबर भाषाही त्याच्या पदरात पडावी, अशी योजना घरोघर दिसते. दूरचित्रवाणीवरील इंग्रजी मालिका हे तिचे साधन होय.

हा केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न असता, तर तो तज्ज्ञांवर सोपवून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु आमच्या मते त्याच्या मुळाशी एक नीतीचा प्रश्न दडला आहे. ज्याची गोष्ट आपण ऐकतो, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही? आणि गोष्ट हे केवळ भाषा मिळविण्याचे भांडे ठरले, तर ऐकण्याच्या वृत्तीचे काय होते?

भिलाईसारख्या गावी हा प्रश्न विशेष जाणवतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांशेजारी वसाहत उभी राहिली. रशियन तज्ज्ञ आले, त्यांचे दुभाषे आले. तमिळ, बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी आणि मराठी कुटुंबे एकाच रांगेतील घरांत नांदू लागली. कचेरीचे टिपण इंग्रजीत, बाजार हिंदीत, घरकामास येणाऱ्या बाईचे सुखदुःख छत्तीसगडीत आणि देवघरातील आरती मराठीत, अशी चार भाषांची वस्ती येथील मराठी अधिकाऱ्याच्या एका घरात असते. यांपैकी मुलाने कोणती शिकावी, याचा निर्णय बहुधा बदलीची शक्यता आणि प्रवेशपरीक्षा या दोघी मिळून करतात. साहजिकच संध्याकाळची वेळ इंग्रजी मालिकेला मिळते, आणि गोष्ट सांगावयास आलेली आजी जपमाळ घेऊन बाजूला बसते.

येथे मालिकेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. परदेशी चित्रणांना आपल्या भाषेचे बोल न चढविता तळाशी भाषांतराचा मजकूर देण्याची पद्धत नेदरलँड्स, स्वीडन इत्यादी देशांत रूढ आहे, आणि तेथील मुलांच्या कानांवर इंग्रजी लहानपणापासून पडत राहते. आपल्याकडेही अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी, चित्रपटगीत ज्या भाषेत गायिले जाते त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर उमटवावे, ही कल्पना पुढे आणली. १९९९ साली गुजराती चित्रगीतांपासून तिचा दूरदर्शनवर प्रयोग सुरू झाला. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाचे वाचन अशा करमणुकीतून नकळत पक्के होते, हे त्यामागचे सूत्र. शिवाय पडदा हा दयाळू गुरू आहे. पन्नाशीच्या कारकुनाने एखादे वाक्य दहा वेळा ऐकले, तरी तो कपाळाला आठी घालीत नाही. खेड्यातून आलेल्या मुलीचा उच्चार चुकला, तर तो हसत नाही. इंग्रजीच्या धाकाने ज्यांची जीभ वर्गात टाळ्याला चिकटली, त्यांना या गुरूपाशी मोकळा श्वास घेता येतो. हे उपकार लहान नाहीत.

तथापि या दयाळूपणाचे कारण पाहू गेले म्हणजे त्यातील उणीवही हाती लागते. पडदा रागावत नाही, कारण समोर कोण बसले आहे हे त्याला ठाऊकच नसते. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांना बारा बैठकांत मँडरिन चिनी भाषा ऐकविण्यात आली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून पुस्तके वाची आणि खेळणी दाखवी. काहींना तेच बोलणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून वा केवळ ध्वनिमुद्रणातून मिळे. माणसासमोर बसलेली बालके त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखू लागली. पडद्यासमोरच्या आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बालकांत तसा लाभ दिसला नाही. मोठी मुले आणि प्रौढ माणसे पडद्यावरून पुष्कळ शिकतात, हे खरे. परंतु भाषेचा अगदी पहिला धागा एका जिवंत माणसाने दुसऱ्याकडे वळून पाहण्यातून विणला जातो, एवढे या प्रयोगावरून म्हणता येते.

आपल्या जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे प्रयोगावाचून माहीत होते. मुलाला गोष्ट सांगताना आजी मधूनच थांबते आणि म्हणते, ‘हूं म्हण.’ हुंकार आला नाही, तर गोष्ट पुढे सरकत नाही. छत्तीसगडच्या पंडवानीत तर या हुंकारासाठी स्वतंत्र माणूसच नेमलेला असतो. त्याला रागी म्हणतात. मुख्य गायक महाभारताची कथा गातो आणि रागी त्याला होकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातील कुतूहल बोलून दाखवितो. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी ही कथा आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकून आत्मसात केली. हातातील तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा करणाऱ्या या बाईंना भिलाईच्या पोलाद कारखान्याने नोकरी दिली, श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेतून १९८८ साली त्यांचा आवाज देशभर गेला, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्यांना छत्तीसगडीचा एक शब्दही येत नव्हता, अशा परदेशी श्रोत्यांसमोरही त्यांनी पंडवानी गायिली. तेथेही शेजारी रागी होताच. ज्याला भाषा येत नाही, त्यालाही रागीच्या होकारातून हे कळते की येथे कोणी सांगत आहे आणि कोणी मनापासून ऐकत आहे.

आमच्या मते भाषा शिकण्याचे नैतिक अंग हेच आहे. शब्दसंग्रह म्हणजे भाषा नव्हे. उत्तर देण्याची तयारी म्हणजे भाषा. मालिकेतील पात्र रडले, तरी त्याचे डोळे पुसण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. ते हसले, तरी प्रतिसाद द्यावा लागत नाही. अशा ऐकण्याची सवय एकदा जडली, म्हणजे माणूस सर्व समजतो आणि कोणालाच उत्तर देत नाही. त्याचे इंग्रजी निर्दोष होईल. परंतु घरातील बाई आपल्या आजारी मुलाविषयी छत्तीसगडीत काही सांगू लागली, तर तो तिच्यासमोर पडद्यासमोर बसल्यासारखाच बसेल.

याहून सूक्ष्म हानी आणखी एक आहे. ‘ही मालिका बघ, इंग्रजी सुधारेल,’ असे आपण मुलाला म्हणतो, तेव्हा गोष्टीची किंमत तिच्यापासून होणाऱ्या लाभात आहे, असा पाठ आपण त्याला देत असतो. मूल तो पाठ चटकन शिकते. मग आजीच्या गोष्टीपासून काय सुधारेल, असे ते मनाशी विचारते, आणि त्याला उत्तर सापडत नाही. गंमत अशी की लाभाकडे डोळा ठेवून ऐकणाऱ्याला लाभही अर्धाच होतो. पुढे काय झाले, या ओढीने जो स्वतःला विसरतो, त्याच्याच मनात शब्द घर करतात.

यावर कोणी म्हणेल की हा सर्व परभाषेविषयीचा आकस आहे. तसे नाही. याच छत्तीसगडात मराठी घरातील माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते, आणि दासबोध व गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. भिलाईच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावी १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. त्यांच्या घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीचे कवी, आणि स्वतः गजानन माधव हिंदी कवितेचे एक शिखर. या दोघांनी परभाषा केवळ घेतली नाही. तिला उत्तर दिले, तिच्या भांडारात स्वतःची भर घातली. भाषेचे ऋण असेच फिटते. अशा माणसाची मायबोली परभाषेमुळे कोमेजत नाही, कारण ऐकण्याची आणि सांगण्याची वृत्ती दोन्ही भाषांत एकच असते.

तेव्हा घरातील पडदा झाकून ठेवावा, असे आमचे म्हणणे नाही. मुलाने इंग्रजी मालिका अवश्य पाहावी आणि ती गोष्ट म्हणूनच पाहावी. ती संपल्यावर तिच्यात काय घडले, हे त्याने आजीला मराठीत सांगावे. आजी मधूनच थांबवून विचारील, ‘मग त्या मुलाची आई कोठे होती?’ पटकथाकाराने न सांगितलेले हे उत्तर मुलाला स्वतः शोधावे लागेल. आणि आजीची चिमणी-कावळ्याची गोष्ट त्याने शेजारच्या मल्याळी मित्राला इंग्रजीत सांगून पाहावी. शेण आणि मेण या दोन शब्दांपाशी तो अडखळेल, हातवारे करील, मित्र हसेल आणि पुन्हा विचारील. त्या अडखळण्यात इंग्रजीही येईल आणि मराठीही राहील.

बदलीच्या गावी आलेल्या माणसाला आपल्या मुलांसाठी घर, शेत वा गाव यांपैकी काहीच कायमचे मागे ठेवता येत नाही. बोलणाऱ्याकडे वळून हुंकार देण्याची सवय मात्र त्याला देता येते, आणि ती कोणत्याही गावी, कोणत्याही भाषेत चालते.