सुकडीची आठवण

वैशाखाचें ऊन तापूं लागलें आणि शाळांना सुटी पडली, म्हणजे आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरें माणसांनीं भरून जातात. नोकरीनिमित्त मुंबईपुण्यास राहणारीं भावंडें मुलाबाळांसह येतात. बोर्डिंगांत एका पंगतीस बसलेले जुने सोबती लग्नकार्याच्या निमित्तानें भेटतात. दुपारीं लिंबाच्या सावलीला बाज टाकावी, अढींतले आंबे पाटींत काढावे, आणि कोणीं तरी “तुला आठवतें काय?” असें म्हणावें, कीं दिवस कलला तरी कोणी जागचा उठत नाहीं. हें देवाचें दान आहे, आणि त्यांत पाप हुडकीत बसणारा मनुष्य मला स्वतःला आवडत नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच अंगणांत जें घडलें, त्यानें माझ्या मनांत एक प्रश्न उत्पन्न केला, तो वाचक बंधुभगिनींपुढें ठेवितों. गोड आठवण सांगणारा मनुष्य, एकही शब्द खोटा न बोलतां, खोटी साक्ष देऊं शकतो काय?

माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणतों, ते १९७२ सालच्या दुष्काळाची गोष्ट फार रंगवून सांगतात. त्या वर्षीं पावसानें दगा दिला, विहिरी आटल्या, आणि हजारों कुटुंबें सरकारी दुष्काळी कामांवर गेलीं. कोणी खडी फोडली, कोणी पाझर तलावाची माती वाहिली. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी लोकांनीं खाल्ल्या. कामावर सुकडी वाटीत असत. ओंजळींत घेतलेली ती गोड सुकडी नाना हातवारे करून पुनः खाऊन दाखवितात. “तशी गोडी आतां पेढ्यालाही नाहीं,” असें ते म्हणाले, तेव्हां मुलें पोट धरधरून हंसलीं. मीही हंसलों. हीच गोष्ट मीं व्यासपीठावरून दोनतीन वेळां सांगितली आहे. दुष्काळांतही देवानें आमच्या घराचें पोषण केलें, माझे वडील व नाना ह्यांचें शिक्षण थांबूं दिलें नाहीं, आणि म्हणूनच आज मी तुमच्यापुढें उभा आहें, असा माझा दाखला असे.

माझी आत्या ओट्यावर नासके आंबे निवडीत बसली होती. ती ह्या दोघां भावांहून वडील. मान वर न करितां ती म्हणाली, “नाना, सुकडी तू खाल्लीस. खडी कुणी फोडली?”

नानांनीं ती गोष्ट थट्टेवारी नेण्याचा प्रयत्न केला. “अक्का, तूं पण खाल्लीसच कीं!” पण हंसणें थांबलें होतें.

“खाल्ली की. मी सातवीत होते. जूनमधी बोर्डिंग उघडलं, तवा आईनं तुम्हां दोघांच्या पेट्या भरल्या. माझी पेटी माळ्यावरच राहिली. माझ्या हजरीच्या पैशांवर तुमची फी गेली. पाळकसाहेबांनी देवळात समदं सांगितलं, एवढं काय सांगितलं नाही.”

पाळकसाहेब म्हणजे मी. त्या उपासनांना ती स्त्रियांच्या बाजूस बसलेली असे.

मीं जें सांगितलें होतें त्यांत एकही गोष्ट खोटी नव्हती. देवानें पोषण केलें हें खरें, शिक्षण थांबलें नाहीं हेंही खरें. पण तें पोषण व तें शिक्षण देवानें कोणाच्या हातांनीं केलें, तो हात मीं दाखल्यांतून वगळला होता. आणि तो वगळल्यामुळेंच दाखला गोड झाला होता. रानांत इस्राएल लोकांना मिसरांतील मासे, काकड्या, खरबुजें, कांदे आणि लसूण ह्यांची आठवण झाली, असें गणनेच्या पुस्तकांत आहे. काकड्या खोट्या नव्हत्या. मात्र विटा थापण्याची वेठ त्या यादींतून गळाली होती. आपल्या गांवांतही म्हातारीं माणसें म्हणतात कीं, पूर्वीं सारा गांव कसा गुण्यागोविंदानें नांदत असे. तें ऐकतांना मी मनांत विचारितों, त्या गांवांतील विहिरीवर आपल्या पूर्वजांना पोहरा सोडतां येत होता काय? महाडच्या तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, तो उगाच नव्हे.

येथें कोणी धर्मशील वाचक म्हणेल, पाळकबुवा, जुन्या खपल्या कशाला काढितां? मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे धांव घेतों, असें पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलें नाहीं काय? लिहिलें आहे. परंतु त्याच पौलानें आपण मंडळीचा छळ केला, हें एकदां नव्हे, अनेकदां लिहून ठेविलें आहे. स्वतः केलेला अपराध तो विसरला नाहीं व इतरांसही विसरूं दिला नाहीं.

विसरण्याचा अधिकार कोणाचा, हें मला योसेफाच्या चरित्रावरून समजतें. मिसरांत त्याला पहिला पुत्र झाला, तेव्हां देवानें मला माझे कष्ट व बापाचें घर विसरावयास लाविलें, अशा अर्थानें त्यानें त्याचें नांव मनश्शे ठेविलें. तें नांव ठेवण्याचा अधिकार योसेफाचा होता, कारण खाचेंत तो पडला होता. त्याच्या भावांपैकीं कोणीं आपल्या मुलाचें नांव मनश्शे ठेविलें असतें, तर तो निर्लज्जपणा झाला असता. आणखी एक गोष्ट पाहा. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायांत योसेफाला विकल्याची हकीकत आहे, पण त्यांत त्याची विनवणी आपल्या कानीं पडत नाहीं. ती बेचाळिसाव्या अध्यायांत, वीसांहून अधिक वर्षांनीं, दुष्काळानें मिसरांत आलेल्या त्या भावांच्याच तोंडून बाहेर पडते: तो काकुळतीस आला होता आणि आम्हीं ऐकलें नाहीं. पुढें योसेफ त्यांना ओळख देतो, तेव्हां तुम्हीं मला विकलें हें शब्द तो गाळीत नाहीं. ते उच्चारून मग तो त्यांच्या गळ्यांत पडतो.

लक्ष्मीबाई टिळकांचीं “स्मृतिचित्रे” १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. आपल्या पुष्कळ घरांत तीं वाचलीं गेलीं आहेत. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची जी ताटातूट झाली, ती बाईंनीं झांकून ठेविली नाहीं. आणि तरी त्या पुस्तकाइतकें हंसवणारें पुस्तक मराठींत क्वचितच सांपडेल. म्हणजे सत्य सांगितल्यानें आनंद पळून जातो, ही आपली भीति खरी नव्हे. आपण तर प्रभुभोजनाला जी आठवण करितों, तिचा आरंभच ज्या रात्रीं प्रभूचा विश्वासघात झाला त्या रात्रीपासून होतो. ती रात्र वगळून कोणीं भाकर मोडल्याचें मीं ऐकिलें नाहीं.

त्या दिवशीं नाना बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, “अक्का, फीचें मला खरोखर ठाऊक नव्हतें.” ती म्हणाली, “तुला कोण सांगणार? तू धाकला होतास.” हें तिनें रागानें म्हटलें नाहीं. रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेची पाळी नानांची होती. ते दरवर्षीं ठराविक शब्दांत उपकारस्तुति करितात. ह्या वेळीं ते मध्येंच अडखळले, अक्काचें नांव घेतलें, आणि पुढचें त्यांना सांगतां येईना. वडील आतां हयात नाहींत. ते असते तर काय म्हणाले असते, ह्याचा मला उलगडा होत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आत्या चुलीपाशीं बसली होती. मीं तिच्याजवळ जाऊन म्हटलें, “आत्या, ती गोष्ट मला देवळांत पुनः सांगावी लागेल. ह्या वेळीं तुझी पेटीही सांगेन. तुझी परवानगी आहे काय?”

तिनें लांकडें आंत सारलीं. “सांग की. पण सुकडी गोड होती, हेबी सांग. ती खरंच गोड होती.”