मातीतले अदृश्य सेवक



७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले. त्या वेळी दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेच्या 'ऑइलझॅपर'चे नाव पुढे आले. त्यात निसर्गातच आढळणारे, तेल खाणारे पाच प्रकारचे जिवाणू असतात. त्यांना धरून ठेवायला लागते मक्याच्या कणसाची पूड! दाणे काढल्यावर आपण जे चुलीत घालतो, तेच. हे जिवाणू तेलाचे रूपांतर कर्बवायू आणि पाण्यात करतात.

१९८९ साली अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' जहाज फुटले, तेव्हा किनाऱ्यावर नत्र आणि स्फुरदाचे खत फवारले गेले. तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच. त्यांना पोषण हवे होते.

बंधुभगिनींनो, देवाने सृष्टी घडवताना तिच्यात सावरण्याचे सामर्थ्यही ठेवले. आपल्यातही चांगुलपणाचे बीज त्याने ठेवले आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की कृपा निसर्गाला मोडत नाही, पूर्णत्वास नेते. प्रार्थना आणि पवित्र मिस्सा हे त्या बीजाचे पोषण आहे.

पण म्हणून 'घाण करा, देव बघून घेईल' असे आपण म्हणू नये. अलास्कात दगडगोट्यांखाली, जिथे प्राणवायू नीट पोहोचत नाही, तिथे काही दशकांनंतरही तेल सापडले. झाकून ठेवलेल्या पापाचेही तसेच होते. पापनिवेदनात ते उघडे केले की क्षमा मिळते; मात्र शेजाऱ्याचे झालेले नुकसान भरून देणे आपल्याकडेच राहते.

आपले सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल प्रत्येकाच्या दारात. ऑइल बदलले की जुने ऑइल नाल्यात ओतणे सोपे वाटते. पण पावसात ते विहिरीकडे वाहते, आणि त्यात मिसळलेले धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. त्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याचे लेकरू पिते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा इथेही लागू आहे.

तेव्हा या आठवड्यात आपण एवढे करू या: जुने ऑइल डब्यात साठवू आणि ते पुनर्वापरासाठी नेणाऱ्याकडेच देऊ. मातीतले सेवक त्यांचे काम करतीलच. आपण त्यांचा भार वाढवू नये.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.