घरातले पिंप आणि मदीनेच्या गल्ल्या

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने वेलीला गोडवा दिला आणि माणसाला विवेक दिला. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी या विवेकाचे रक्षण करण्याची शिकवण दिली.



द्राक्षपट्ट्यातील कुटुंबांना ऐन काढणीच्या वेळी येणारा अवकाळी पाऊस म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. एका रात्रीत मणी तडकतात आणि आदल्या दिवशी सौदा ठरवून गेलेला व्यापारी दुसऱ्या दिवशी बागेत पाऊल ठेवत नाही. अशाच एका हंगामात आमच्या मशिदीचे एक वयस्क नमाजी असरच्या नमाजनंतर माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मौलाना, मुलाने घरात दोन पिंपे भरून ठेवली आहेत. आता त्यांना वास येऊ लागला आहे."

मुलगा महाविद्यालयात शिकणारा होता. तडकलेली द्राक्षे फुकट जाऊ नयेत, चार पैसे मिळावेत आणि कर्जाचा हप्ता निघावा, म्हणून त्याने ती ठेचून, साखर मिसळून, पिंपांत झाकून ठेवली होती. त्याचा युक्तिवाद असा की, द्राक्ष हलाल, साखर हलाल, पिंप आपले, कष्ट आपले. आपण स्वतः पिणार नाही. मग यात हराम काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. द्राक्षाच्या सालीवर किण्व असते. रसातील साखरेवर त्याचे कार्य सुरू झाले की फेस येतो, वायू सुटतो आणि साखरेचे रूपांतर मद्यार्कात होते. ना कोणी बाहेरून विष कालवतो, ना एखादी निषिद्ध वस्तू त्यात पडते. तरीही काल जे अमृतासमान होते, ते आज बुद्धी हरण करणारे झालेले असते. शरीअतचा निर्णय वस्तूच्या उगमावर थांबत नाही, तर ती वस्तू आता काय झाली आहे, हे पाहतो. 'खम्र' या अरबी शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. स्त्रीच्या ओढणीला 'खिमार' म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून स्पष्ट केले होते की, द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव यांपासून दारू बनत असे, परंतु जे जे बुद्धीला झाकते, ते सर्व खम्रच होय. इतर काही पेयांच्या तपशिलांविषयी फिकहच्या ग्रंथांत चर्चा आढळते. मात्र द्राक्षाच्या कच्च्या रसापासून आंबलेली दारू हराम असण्याविषयी कोणत्याही इमामाचा मतभेद नाही. ज्याच्या अधिक प्रमाणाने नशा येते, त्याचा एक घोटही निषिद्ध आहे, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. म्हणून 'घरची आहे, सौम्य आहे' ही सबब टिकत नाही.

'आम्ही पिणार नाही, फक्त विकू' हा दुसरा भाग. हदीसमध्ये दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत आली आहे. त्यांत पिणारा तर आहेच. परंतु रस गाळणारा, गाळून घेणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे ती नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, विकत घेणारा, ज्याच्यासाठी घेतली जाते तो आणि तिची किंमत खाणारा हेही आहेत. त्या मुलाने ओठ कोरडे ठेवले असते, तरी यांतील कितीतरी जागी तो उभा असता. शिवाय परवान्याविना मद्य तयार करणे व विकणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. आखिरतआधी पोलीस ठाण्याचाच उंबरठा त्याला दिसला असता.

बंधूंनो, मदीनेतील तो दिवस आठवा. दारूबंदीचा आदेश टप्प्याटप्प्याने आला. सूरह अल-बकरामध्ये तिचा अपराध तिच्या लाभापेक्षा मोठा असल्याचे सांगितले गेले. सूरह अन्-निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. शेवटी सूरह अल-माइदामध्ये तिला सैतानी कृत्यांतील घाण ठरवून, आता तरी थांबणार ना, असे विचारले गेले. हजरत अनस (रजि.) तेव्हा हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना पाजत होते. बाहेर पुकारा झाला. कोणी 'एवढा पेला संपवू द्या' म्हटले नाही. मडकी रिकामी झाली आणि मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहू लागली.

याच हजरत अबू तल्हांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, काही अनाथांना वारसाहक्काने दारू मिळाली आहे, तिचे काय करावे? ओतून देण्याचा आदेश झाला. तिचा सिरका करता येईल का, या प्रश्नालाही नकार मिळाला. विचार करा, अनाथांची संपत्ती! ज्या संपत्तीला हात लावण्याविषयी कुरआनने इतके कठोर इशारे दिले, तीही या बाबतीत सवलत मिळवू शकली नाही. या हदीसच्या आधारे शाफई मसलकमध्ये काही मिसळून दारूचा सिरका करणे वैध मानले जात नाही. हनफी मसलकमध्ये तसा सिरका वैध आहे. हा नकार त्या काळी लोकांच्या मनातून दारू पुरती उपटण्यासाठी होता, असे हनफी विद्वान म्हणतात. दारू आपोआप सिरका झाली, तर तो हलाल असल्याचे दोघेही मानतात. मी त्या बापाला दोन्ही मते सांगितली. आमचा मसलक हनफी आहे, हेही सांगितले. ते म्हणाले, "मौलाना, सिरका होईपर्यंत ती पिंपे घरात राहतील आणि गिऱ्हाईकही रोज दारात येईल. आज ओततो." मगरिबपूर्वी बापलेकांनी दोन्ही पिंपे रिकामी केली.

मला वाटले, माझे काम संपले. परंतु दुसऱ्या दिवशी त्या घरातील माऊलीने निरोप पाठवला, "ओतली, ते बरेच झाले. पण हप्ता आता कोण भरणार, तेही मौलानांनी सांगावे."

या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. बागेत अजून तडकलेला माल होता. हराम काय, ते मी सांगितले होते; हलाल मार्गाने तो माल कसा खपेल, याचा विचार मी क्षणभरही केला नव्हता. पुढच्या जुम्याला मी नाव न घेता विषय मांडला. तडकलेला मणी बाजाराला चालत नाही, पण त्याच दिवशी रस काढायला चालतो. कोणी पाच किलो घेतले, कोणी दहा. एका घराने सरबत करून मोहल्ल्यात विकले. पूर्ण हप्ता निघाला नाही; मात्र ते कुटुंब एकटे राहिले नाही.

हलाल मार्ग खुद्द सुन्नतमध्येच आहे. हजरत आयशा (रजि.) सकाळी पाण्यात भिजवलेले फळ प्रेषित (स.) सायंकाळी पीत आणि सायंकाळी भिजवलेले सकाळी. भिजवलेल्या मनुकांचे पाणी ते तिसऱ्या दिवसापर्यंत पीत, नंतर ते वापरत नसत. हे तीन दिवस म्हणजे परवाना नव्हे. आपल्याकडील उन्हाळ्यात उघडा रस त्याहून लवकर आंबतो. म्हणून रस ताजा प्या किंवा थंड जागी ठेवा. फेस, तिखटपणा वा दारूसारखा वास जाणवला, तर 'वाया जाईल' असे न म्हणता ओतून द्या. सिरक्याला तर प्रेषितांनी (स.) उत्तम कालवण म्हटले आहे, तो घरी करायचा असल्यास आपल्या मसलकच्या आलिमांना पद्धत विचारून करा.

आणि एक विनंती. आपल्या शेजारच्या घरात असे पिंप असेल, तर त्याची चर्चा चौकात करू नका. आधी त्या घराचा हप्ता विचारा. मदीनेतील मडकी एका पुकाऱ्यात रिकामी झाली, कारण ती रिकामी करणाऱ्यांच्या पाठीशी एक समाज उभा होता.

हे अल्लाह! आमच्या घरांतील रोजी पवित्र ठेव, आमच्या मुलांच्या बुद्धीचे रक्षण कर आणि हराम सोडणाऱ्याचा हात धरण्याची आम्हाला तौफीक दे. आमीन.