नश्वराकडे कसे पाहावे?

जग नाशवंत आहे, हे वाक्य आपल्या जिभेला इतके सवयीचे झाले आहे की ते उच्चारताना मन हालत नाही. परंतु त्यातून एक शंका निघते. जे उद्या नाहीसे व्हायचे, त्याकडे आज मन लावून पाहावे की पाठ फिरवावी?

दृष्टांत परदेशातला घेऊ. युरोपात अँटवर्प म्हणून व्यापाराचे मोठे शहर आहे. तेथे १५४२ साली एका सधन जवाहिऱ्याच्या घरी योरिस हूफनागेल जन्मला. १५७६ साली पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी ते शहर लुटले, जाळले, हजारो माणसे मारली. हूफनागेलच्या घराण्याची दौलतही गेली. हा गृहस्थ गाव सोडून निघाला व पुढे राजाश्रयाने चित्रे काढू लागला. आता बघा, ज्याचे नगर जळाले त्याने काढले काय? माशी, सुरवंट, गोगलगाय आणि खुडलेले फूल!

त्याच्या चित्रांवरून त्याचा मुलगा याकोब याच्या नावाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला संग्रह १५९२ साली फ्रांकफुर्ट येथे छापून निघाला. भाग चार, प्रत्येकात बारा चित्रे. सोबत लॅटिन वचने. कोठे ईश्वराची थोरवी, कोठे आयुष्याची क्षणभंगुरता.

फूल खुडले तेव्हाच त्याचा शेवट ठरला. माशीचे आयुष्य तर दिवसांवर मोजायचे. तरी तिच्या पंखाची शीर न् शीर रेखली आहे. नुसते मरणच सांगायचे असते, तर एक कवटी पुरली असती. पण कवटीचे भय स्मशानातून घरी येईपर्यंत टिकते. फूल आधी जीव लावते, मग त्याचे कोमेजणे आत उतरते.

कोणी म्हणेल, "महाराज, जीव लागला की आसक्ती आलीच!" अहो, आसक्ती म्हणते, हे माझ्यापाशीच राहो. हा चितारी म्हणतो, हे जाणारच, म्हणून नीट पाहून घेऊ. दोन्हींत फार अंतर आहे. उपेक्षेला वैराग्य म्हणणे ही आपली सोय झाली. घरातला म्हातारा बाप आज ना उद्या जायचाच, म्हणून त्याच्याशी बोलणे सोडणारा विरक्त नव्हे, निष्ठुर होय.

तांब्यावरची रेषदेखील छापून छापून झिजते. ती माशी गेली, बाप गेला, लेकही गेला. पण त्यांनी तिच्याकडे पाहिले, ते व्यर्थ नव्हते.

तेव्हा सज्जनहो, "सगळे नाशवंत आहे" असे पुन्हा तोंडी आले, तर आधी शेजारी कोण बसले आहे, ते एकदा नीट पाहावे.